एक टाइम मेस

कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या माणसाकडे मुलं भूक घेऊन येत नाहीत, चौकशी घेऊन येतात. "मॅडम, पैसे कधी पडतील?" एवढंच विचारतात. "अजून वरून मंजुरी नाही," म्हटलं की "बरं" म्हणून निघून जातात. हा प्रश्न जूनमध्ये कुणी विचारत नाही. दिवाळीनंतर तो सुरू होतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत एकच मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा खिडकीशी उभा राहतो. तोवर घरून आणलेले शेंगदाणे आणि चटणी संपलेली असते, आणि मेसवाल्याच्या वहीत त्याच्या नावापुढची बाकी वाढलेली असते.

माझी उभी नोकरी या टेबलावर गेली. आधी साताऱ्यात, मग बदली होऊन सांगलीत. बाहेरच्या माणसाला हा सगळा ऊस-साखरेचा, द्राक्ष-हळदीचा मुलूख वाटतो, आणि तो आहेही. पण साताऱ्याहून पुसेगाव ओलांडून दहिवडी-म्हसवडकडे निघालं, किंवा सांगलीतून कवठेमहांकाळ मागे टाकून जतकडे गेलं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुसळं आणि बाभळी लागतात. माझ्या खिडकीशी येणारी बरीचशी मुलं तिकडची. माण, खटाव, आटपाडी, जत. कुणाचे वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, कुणाचे ऊसतोडीला, कुणाचा चुलता सोनं-चांदी गाळायच्या कामाला दूर कुठल्या तरी राज्यात. गावात आई, म्हातारी आणि दोन शेळ्या. घरापासून कॉलेजपर्यंत रोज जाऊन-येऊन करण्यासारखं अंतर नाही, म्हणून शहरात चौघांत मिळून एक खोली. खोलीचं भाडं घरमालकाला एक तारखेला लागतं, लाइटबिल चुकत नाही, परीक्षा फॉर्मची मुदत टळत नाही. महिन्याच्या हिशेबात पुढे ढकलता येईल अशी एकच बाब उरते, ती म्हणजे जेवण.

मुलांच्या बोलण्यात याला सरळ नाव आहे. "मेस लावलीय का रे?" "लावलीय की मॅडम. एक टाइम." म्हणजे दोन वेळच्या मेसचे पैसे परवडत नाहीत, म्हणून एकाच वेळचे भरले. हल्ली आमच्या भागात दोन वेळच्या मेसला महिन्याला अडीच-तीन हजार पडतात. एका वेळचे दीड हजाराच्या पुढे. मग एक वेळ कुठली ठेवायची, याचा विचार प्रत्येक जण आपापल्या परीनं करतो. दुपारची ठेवली तर रात्री झोप लागत नाही. रात्रीची ठेवली तर सकाळी साडेसातच्या तासापासून दुपारपर्यंत चहा-बिस्किटावर काढायचं. बहुतेक जण रात्रीची ठेवतात. दिवसा माणसांत वेळ जातो, असं एकानं मला समजावून सांगितलं होतं.

याहून हुशारीचा प्रकार म्हणजे एका डब्यात दोघं. खाणावळीत बसून जेवायचं नाही, डबा लावायचा. डब्यात चार चपात्या, एक भाजी, आमटी, भात. तो दोघांनी खायचा आणि वर दोन-चार चपात्या सुट्या विकत घ्यायच्या. भाजी कमी पडते तिथे घरची शेंगदाण्याची चटणी किंवा मिरचीचा ठेचा. खाणावळवाल्या मावशींना हे कळत नाही असं नाही. सांगलीत आमच्या कॉलेजजवळ एक मावशी होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात डबे भरताना मी उभी राहिलेय. वीस-पंचवीस डबे ओळीनं उघडे ठेवलेले. मावशी पळीनं आमटी घालत पुढे सरकायच्या आणि ठरावीक डब्यांशी आल्या की भाताचा चमचा दाबून भरायच्या, झाकण बसेना इतका. मी बघतेय हे बघून म्हणाल्या, "ह्यो दोघांचा हाय." डबा लावताना मुलानं तसं सांगितलं नव्हतं आणि मावशींनीही त्याला कधी विचारलं नव्हतं.

रविवारी रात्री मेस बंद. हे सगळीकडचं शास्त्र आहे. रविवारी दुपारी गोडाचं जेवण आणि रात्री सुट्टी. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो बाहेर खातो. ज्याच्याकडे नाहीत तो दुपारी जरा जास्त जेवतो आणि रात्री भडंगाची पुडी आणतो. सोमवारी पहिल्या तासाला मागच्या बाकांवर जी मरगळ असते, तिचं खापर प्राध्यापक मोबाइलवर फोडतात. काही वेळा ते खरंही असतं.

साताऱ्यात होते तेव्हा डबा एस.टी.नं यायचा. ही पद्धत आमच्याकडच्या कितीतरी पिढ्यांनी पाहिलीय. पहाटे आई भाकरी थापणार, डब्याला कापडी पिशवी, तिच्यावर ऑइलपेंटनं मुलाचं नाव आणि कॉलेजचं नाव, आणि पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या स्वाधीन. वडूज, औंध, रहिमतपूर, कोरेगाव, सगळीकडून डबे यायचे. स्टँडवर गाडी लागली की मुलं धावायची. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. त्यात दोन वेळचं असायचं. दुपारी भाकरी-भाजी, रात्री उरलेली भाकरी आणि कोरडा झुणका. ज्या घरात पैसा नाही पण ज्वारी आहे, अशा घरांना मुलगा शिकवायला ही एस.टी. आणि ही ज्वारी पुरायची. पुढे गाड्यांच्या वेळा बदलल्या, मुक्कामाच्या गाड्या कमी झाल्या, घरातल्या बाया सकाळी सातला रानात जायला लागल्या. डबे आटत गेले आणि खोलीवरच्या मुलांचं जेवण पूर्णपणे रोख पैशावर आलं. उरल्यासुरल्या डब्यांना मोठा खंड पडला तो 2021 मध्ये. करोनानंतर 20 ऑक्टोबरला कॉलेजं उघडली आणि महिना उलटायच्या आत राज्यभर एस.टी.चा संप पेटला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पास काढलेली मुलं वडापच्या जीपला रोज पैसे मोजू लागली आणि ते पैसे जेवणातूनच निघत होते.

मुलींचं वेगळं. मुलगा निदान "आज नाही जेवलो" असं मित्राला तरी सांगतो. मुलगी सांगते, "उपवास आहे." सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. एकदा आमच्या ऑफिसात अर्ज भरायला बसलेल्या मुलीला डबा खाताना सहज म्हटलं, ये, दोन घास खा. म्हणाली, उपवास आहे. दुसऱ्या दिवशीही उपवास. तिसऱ्या दिवशी आमच्या शिपाईमामांनी कुठल्या तरी पूजेचा शिरा सगळ्यांना वाटला. तो मात्र तिनं घेतला. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. त्यानंतर आम्ही दोघी-तिघी बायका ऑफिसात काही ना काही प्रसाद म्हणून आणू लागलो. साईबाबांचा, म्हसोबाचा, कुणाच्या नातवाच्या बारशाचा. देव तेवढे पुरून उरले. उपवासाला साबुदाण्याची खिचडी लागते, शेंगदाणे लागतात, फळं लागतात. काहीही न खाता केलेला उपवास आठवड्यातून तीनदा आला, तर त्यात भक्ती किती आणि बचत किती, हे विचारायची गरज नसते.

हे उघडं पडतं रक्तदान शिबिरात. रक्त द्यायला वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन 12.5 लागतं. आमच्या शिबिराला मुलींची रांग मोठी असायची आणि टेबलापाशी पोचून परत फिरणाऱ्याही पुष्कळ. कुणी वजनात बसायची नाही, कुणी रक्तात. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी निघाल्या, तेव्हा हे काही एकट्या कॉलेजचं दुखणं नव्हे. पण रांगेतल्या काही जणी बाद ठरल्यावरही रेंगाळायच्या, कारण रक्त दिल्यावर केळं, बिस्किटं आणि कॉफी मिळते. डॉक्टर समंजस असले तर बाद झालेल्यांनाही द्यायचे. एन.एस.एस.च्या सात दिवसांच्या शिबिराचंही असंच. खेड्यात श्रमदानाला नावं द्यायला काही मुलं पहिल्याच दिवशी हजर. सात दिवस सकाळी पोहे-उप्पीट आणि दोन वेळा पंगत. परत येताना चेहरे बदललेले असत. प्राध्यापक म्हणायचे, श्रमसंस्कारानं तेज आलं. मी गप्प बसायचे.

मुलं काही हात जोडून बसत नाहीत. लग्नसराईत केटरिंगला जातात, कारण तिथे रोजंदारीबरोबर पोटभर जेवण असतं. ऑक्टोबरनंतर तासगाव-कवठेमहांकाळ भागातली मुलं सुट्टीच्या दिवशी द्राक्षबागेत कामाला जातात, पुढे उन्हाळ्यात बेदाण्याच्या शेडवर. पेट्रोलपंप, मेडिकल दुकान, मार्केट यार्ड. यातून महिना भागतो, पण हजेरी बुडते. हजेरी बुडाली की शिष्यवृत्तीला अडचण आणि शिष्यवृत्ती अडली की पुन्हा केटरिंग. या फेऱ्यातून सुटायला मुलाला फार मोठी रक्कम लागत नाही. योग्य महिन्यात आलेली छोटी रक्कम पुरते.

इथे माझ्या टेबलावरच्या कागदांकडे यावं लागतं. योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार असतो. नववीत तो थांबतो, पण तेव्हा मूल घरी असतं. दहावीनंतर शहरात आलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये. त्यात जेवणाचे 25,000, राहण्याचे 12,000, निर्वाह भत्ता 6,000. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची स्वयं योजना, इतर मागासवर्गीयांसाठी अलीकडची सावित्रीबाई फुले आधार योजना. ज्यांना फक्त फीची सवलत आहे, त्यांना राजर्षी शाहूंच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची फी माफ झाली. चांगलंच झालं. पण फी माफ झाली म्हणून मेसचं बिल कमी होत नाही.

स्वाधारच्या जेवणाच्या रकमेला दहा महिन्यांनी भागा. महिन्याला अडीच हजार येतात. ज्यानं हा आकडा काढला त्याला खाणावळीचा भाव बऱ्यापैकी ठाऊक होता. अडचण रकमेत कमी आणि तारखेत जास्त आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवास, भाडेकरार, आधारला जोडलेलं बँकखातं, गुणांची अट, कॉलेजची पडताळणी, त्यानंतर वरची मंजुरी आणि निधी. यातली प्रत्येक पायरी कारकून म्हणून मला पटते, कारण पैसा सरकारचा आहे आणि खोटे अर्जही येतात. पण या पायऱ्या चढून पैसे खात्यात पडेपर्यंत वर्षाचा मोठा भाग सरलेला असतो. जूनमध्ये लागलेल्या भुकेचे पैसे एकदम येतात, तेव्हा त्यातून जेवण होत नाही. उधारी फिटते. खोलीमालकाची बाकी, मेसची बाकी, मित्राचे उसने. उरलेले मुलगा घरी पाठवतो, कारण घरीही कुणी तरी थांबलेलं असतं. कागदोपत्री त्या वर्षाचं जेवण त्या मुलाला मिळालेलं असतं.

रेशनचंही तसंच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो धान्य मिळतं. मुलाचं नाव घरच्या कार्डावर असतं, त्याचे पाच किलो गावात उचलले जातात आणि ते घरचे खातात. आता कार्ड कुठल्याही दुकानात चालतं, अंगठा लावून शहरातही धान्य उचलता येतं. पण मुलानं इथे पाच किलो उचलले तर आईच्या पिठाच्या डब्यात तेवढे कमी पडणार, हे त्याला कळतं. शिवाय खोलीवर गॅस नसतो, आणि असला तर घरमालकाची परवानगी नसते. 2020 च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी मुलांच्या कामाची निघाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. पण ती दुपारच्या ठरावीक वेळात, ठरावीक संख्येत मिळायची. प्रॅक्टिकल लांबलं की थाळी गेली.

हा प्रश्न नवा नाही आणि आपल्याच मातीत त्याला एकदा चांगलं उत्तर मिळून गेलंय. जुन्या काळी गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवायचा, माधुकरी मागायचा. बहुजन समाजातल्या मुलाला कोण वार देणार? म्हणून शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. तिथल्याच जैन बोर्डिंगात राहून शिकलेले भाऊराव पाटील 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढतात आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू करतात. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. भाऊरावांचं घराणं मूळचं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. म्हणजे माझ्या नोकरीचे दोन्ही जिल्हे त्यांच्याच पायाखालचे.

त्या बोर्डिंगबद्दल शाळेत आपण शिकतो ते जातिभेद मोडण्याबद्दल. महार, मराठा, मुसलमान, जैन मुलं एका पंगतीला बसली. ते मोठं आहेच. पण नोकरीत मुरल्यावर मला त्यातली दुसरी बाजू दिसू लागली, ती व्यवस्थापनाची. तिथे मुलाला आधी ताटावर बसवलं जायचं आणि हिशेब नंतर व्हायचा. गावोगावहून धान्य मागून आणलं जायचं. मुलं स्वतः दळायची, स्वयंपाक करायची, शेतात राबायची. कोठीत एकदा काहीच उरलं नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्र मोडलं. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला ती वेळेची गोष्ट वाटते. अनुदान पुढच्या महिन्यात येईल, देणगीचा शब्द मिळालाय, असं त्या म्हणू शकल्या असत्या. पण मुलं त्या संध्याकाळी जेवणार होती. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही 'कमवा आणि शिका' या पायावर. काम करणाऱ्या मुलाची जेवण्या-राहण्याची सोय तिथेच होती, हातात पैसे देऊन 'बाहेर बघ' असं नव्हतं. आज बहुतेक कॉलेजांत 'कमवा आणि शिका' म्हणजे तासाप्रमाणे मानधन, तेही बिल मंजूर झाल्यावर. नाव राहिलं, पंगत उठली.

पैसे की ताट, यावर मुलांना विचारलं तर ती काय सांगतील, याचंही उत्तर आपल्याकडे मिळालेलं आहे. 2018 मध्ये राज्यातल्या शहरी आदिवासी वसतिगृहांत मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यात द्यायचं ठरलं. वरवर पाहता यात मुलांची सोय होती. आवडेल तिथे जेवा. पण त्याच जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे भर पावसात पायी निघाले. मागणी होती, पैसे नकोत, मेस सुरू करा. आमच्या ऑफिसात काही जण हसले, फुकटचे पैसे नको म्हणतात म्हणून. मला नवल वाटलं नाही. खात्यातला पैसा घरातल्या आजारपणाला जातो, बहिणीच्या फीला जातो, आणि जायलाही हवा, कारण मुलगा काही दगड नसतो. ताटातली भाकरी मात्र कुणी उसनी मागत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभाग, खणभाग, स्टँड, पेठा, सगळं पाण्यात. खोल्यांवरची जी मुलं वेळेत गावी निघाली ती वाचली, बाकीची उंचावरच्या शाळा-कॉलेजांत आली. आम्हीही एका छावणीत कामाला होतो. ट्रक भरून चपात्या येत होत्या, भात शिजत होता. तिथे जतकडची दोन मुलं होती. रस्ता मोकळा झाला तरी ती घरी गेली नाहीत, छावणीत वाढायला राहिली. मी विचारलं, घरी काळजी करत असतील, जा की. त्यातला एक म्हणाला, "जातो मॅडम. पर घरी टँकर हाय आणि इथं पूर. इथं निदान काम हाय." पुढे काही बोलला नाही. वाढून झालं की दोघं शेवटच्या पंगतीत बसायची आणि सावकाश जेवायची. त्या आठवड्यात सांगलीत कुणी कुणाला उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. पाणी उतरलं, माणसं घराकडे वळली आणि आमची खिडकी पुन्हा उघडली.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही काही जणांनी एक साधी व्यवस्था बसवली. काही प्राध्यापक, ग्रंथपाल, मी आणि डबेवाल्या मावशी. प्रत्येकानं महिन्याला जमेल तेवढे पैसे द्यायचे. ते मुलाच्या हातात द्यायचे नाहीत, मावशींकडे आगाऊ भरायचे. मुलाला कार्ड द्यायचं, ते इतर मुलांच्या कार्डासारखंच. शिष्यवृत्ती आली की त्यानं जमेल तसे परत करायचे. वही माझ्या ड्रॉवरमध्ये. कुणाला कार्ड द्यायचं हे ठरवायला आम्ही अर्ज ठेवला नाही. अर्ज ठेवला की ज्याला लाज वाटते तो येत नाही आणि ज्याला वाटत नाही तो दोनदा येतो. त्याऐवजी प्रवेशाच्या वेळी मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायला लागले, "जेवणाची सोय कुठे?" आमच्या फॉर्मवर जात असते, पोटजात असते, उत्पन्न असतं, आईचं नाव असतं. हा प्रश्न नसतो. "बघतो मॅडम" असं उत्तर आलं की मी पेन्सिलीनं कोपऱ्यात खूण करायचे. "एक टाइम" आलं तरी खूण. मुलींना विचारताना शेजारच्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

परतफेड झाली का, असं मला संस्थेच्या एका हिशेबनीसांनी विचारलं होतं. बऱ्याच जणांची झाली, काहींची नाही. एक जण पोलीस भरतीत लागला आणि पहिल्या पगारातून स्वतःची बाकी तर भरलीच, वर "पुढच्याचे" म्हणून आणखी भरले. एक मुलगी दुसऱ्या वर्षाला लग्न होऊन गेली, तिची बाकी तशीच आहे आणि ती तशीच राहू दे. वहीच्या शेवटी आम्ही तोटा म्हणून जो आकडा मांडला, तो आमच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाच्या भाड्यापेक्षा कमी होता.

अमेरिकेत 2020 च्या माहितीवरून तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी काढलेला हिशेब सांगतो की पदवीच्या वर्गातल्या 23 टक्के विद्यार्थ्यांना पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. तिथल्या विद्यापीठांत शिधा ठेवलेल्या खोल्या असतात, मुलांनी यावं आणि न्यावं. मिशिगनमध्ये अशी पहिली खोली 1993 मध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केली. एवढ्या श्रीमंत देशात हे मोजतात आणि छापतात, याचं मला कौतुक वाटतं. मोजलं की निदान नाकारता येत नाही. आपल्याकडे प्रत्येक कॉलेजला नॅकच्या मूल्यांकनासाठी किती झाडं लावली, किती संगणक आहेत, किती पुस्तकं आहेत, हे सगळं भरून द्यावं लागतं. किती मुलं एक वेळ जेवतात, हे मोजायला एका कारकुनाला प्रवेशाचे दोन आठवडे पुरतात.

मग पुढचा हिशेब कारकुनी आहे. समजा एका कॉलेजात अशी 50 मुलं निघाली. महिन्याला अडीच हजारांनी सव्वा लाख. शिष्यवृत्ती यायला सहा महिने लागतात असं धरलं तर साडेसात लाख. एवढी रक्कम एकदाच उभी करायची, ती दरवर्षी फिरत राहते. शासनाचे पैसे आले की भरून निघते आणि जूनला पुन्हा तयार असते. ज्यांना जेवणाची कोणतीच योजना लागू नाही, त्यांच्यासाठी थोडी तूट सोसावी लागेल, ती माजी विद्यार्थ्यांनी सोसावी. आमच्याकडे माजी विद्यार्थी संघ कॉलेजला कमानी बांधून देतात, पुतळे बसवून देतात. एका कमानीच्या खर्चात हा निधी उभा राहतो आणि ओळखपत्र मिळेल त्याच दिवशी मुलाला मेसचं कार्ड मिळतं. सरकारला एक पैसाही जास्त लागत नाही, नवी योजना लागत नाही. आहे तीच रक्कम फेब्रुवारीऐवजी जूनमध्ये ताटात आली पाहिजे, एवढंच काम शिल्लक आहे.